अजून नाही, थोडं डावीकडे

"बाबा, गच्चीवरचा तो गंजका अँटेना अजून का ठेवलाय?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव म्हणून. वादविवादात बक्षीस मिळाल्यापासून मी कुणालाही काहीही विचारते.

बाबा उठून गेले. आई जुन्या टीव्हीवरची धूळ पुसू लागली.

पुढचं वाचून हसायचं तर हसा. मी स्वतः पाहिलंय.

या रविवारी सकाळी धुकं पडलं. समोरचं घर दिसेना. वारा ठप्प.

अशा वेळी थंड हवा खाली दबते, उबदार वर राहते आणि लांबच्या टीव्ही केंद्रांच्या लहरी वाकून इथवर येतात. हे माझ्या दादाचं शास्त्र. धुकं दिसलं की तो गच्चीवर पळायचा, अँटेनाचा पाइप फिरवायचा. आई खाली टीव्हीसमोर, चित्र आलं का ते सांगायला.

मी दीड वर्षाची असताना तो तापाने गेला.

ती केंद्रंही कधीच बंद झालीत.

मी बाहेरच्या खोलीत आले. टीव्ही चालू. पडद्यावर नुसत्या मुंग्या. आई-बाबा जमिनीवर, एकमेकांना खेटून.

वरून आवाज आला… कर्र… कर्र…

पाइप फिरत होता.

मुंग्यांतून एक चेहरा उमटला. बातम्या देणारी बाई. चित्र अगदी स्वच्छ.

आणि वरून…

"आई, आलं का?"

नुकताच फुटलेला, मुलाचा आवाज.

आई त्या स्वच्छ चित्राकडे बघत म्हणाली, "अजून नाही रे. थोडं डावीकडे."

कर्र… चित्र गेलं.

मी गच्चीवर धावले.

कुणीच नव्हतं.

पाइप दवाने ओलाचिंब. फक्त दोन जागा कोरड्या… तळहाताएवढ्या.

खाली येऊन विचारलं, "आई, चित्र आलं होतं की. खोटं का बोललीस?"

"आलं म्हटलं की त्याचं काम संपतं, बाळा."

बाबांनी टीव्ही बंद केला. "तुझी आई आणि मी, दोघंही हेच सांगतो. दर वेळी."

म्हणजे इतकी वर्षं तो थंडीत उभा आहे. अंगात ताप असेल का अजून? रात्री जेवतानाही डोक्यात हाच विचार. आज पुन्हा वारा पडलाय. खिडकीबाहेरचा दिवा पुसट होत चाललाय.

मी ताट बाजूला सारलं.

"आई, बाबा, ऐका. उद्या टीव्हीसमोर मी बसणार. आणि चित्र आलं, की सांगणार… आलं, दादा. ये आता खाली."