बांगड्या कुठे गेल्या?

"दादाजी बहिरे नाहीत! नाहीत म्हणजे नाहीत!" आयुषीने कैरीची फोड ताटलीत आपटली.

"हळू! काका ऐकतील," तिचा भाऊ रिषभ म्हणाला.

"ऐकू देत! त्यांचे कान शाबूत आहेत ना!"

शेजारची लिडिया फोडींना तिखटमीठ लावत होती. तिची आई इथल्याच, खापर गावच्या दवाखान्यात नर्स. सुट्टीत लिडियाचा मुक्काम याच ओट्यावर असायचा.

"पण झालं काय?" तिने विचारलं.

झालं ते असं. नेमीचंददादाजींकडे जुने, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर होते. रोज दुपारी ते गादीवर बसून दादीची कॅसेट लावायचे. पतासीबाई, म्हणजे दादी, आयुषीच्या जन्माआधीच गेली होती. घरातल्या एका लग्नात तिने गायलेली गाणी तेवढी उरली होती. पण हल्ली दादाजी म्हणायचे, "गाणं येतंय, पण पतासीच्या बांगड्या ऐकू येत नाहीत."

यावर प्रेमचंदकाका हसले होते. "बाबूजी, बांगड्या नाही गेल्या, तुमचे कान गेले!" वर दुकानात गिऱ्हाइकांसमोर बजावलं, "आता गल्ल्यावर बसू नका. उगाच घोळ होतील."

"आणि आज संध्याकाळी सुपडू भंगारवाला स्पीकर न्यायला येतोय," रिषभ म्हणाला. "दादाजी मात्र नुसती टोपी नीट करत बसले."

लिडिया ताडकन उठली. "असं कसं? कुणी तपासलं तरी का?"

ती पाय न वाजवता दादाजींच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. दादाजींनी मानही वळवली नाही.

"लिडिया, तुझ्या डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय का गं? एक पाय फरफटतोय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे कान ठणठणीत होते!

"मग स्पीकर बिघडले असतील," असं म्हणत रिषभने कॅसेट लावली. घूंऽऽ घूंऽऽ! कुणीतरी रांजणात तोंड घालून गातंय असं वाटलं. आयुषीने स्पीकरखालच्या नव्या प्लायवूडच्या कपाटावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"अरे, हे थरथरतंय! दादीच्या जोडीला हे पोकळ कपाटच गातंय!"

"दादाजी, आधी स्पीकर कशावर होते?" लिडियाने विचारलं.

"घोड्यांवर," दादाजी म्हणाले. "लोखंडी घोड्या होत्या, मीच करून घेतल्या होत्या. स्पीकरमधला हा वरचा छोटा गोल बघ. बारीक आवाज यातूनच येतात, अगदी सरळ. गादीवर बसलं की तो कानासमोर यावा म्हणून घोड्यांचे पाय कापून घेतले. आणि घोडी हलू नये म्हणून दुकानातली जुनी वजनं खाली बांधली. काटा इलेक्ट्रॉनिक झाला, तेव्हा ती रिकामीच पडली होती."

आता तो छोटा गोल दादाजींच्या टोपीच्याही वर होता!

आयुषी तरातरा काकांच्या खोलीत गेली. "काका, घोड्या कुठे आहेत?"

"रंगकामात कुठेतरी ठेवल्या असतील. जा, झोपू दे!" कूस बदलून काका घोरायला लागले.

दारात उभी लिडिया खिडकीकडे बघत होती. "तुमचा कूलर इतका गप्प कसा? आमचा तर ट्रॅक्टरसारखा खडखडतो!"

"आमचाही खडखडायचा," आयुषी म्हणाली. "रंगकाम होईपर्यंत!"

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. तिघंही मागच्या अंगणात धावली. कूलरखाली ओलं गोणपाट होतं. रिषभने ते वर केलं. खाली दादाजींच्या दोन्ही घोड्या! वजनांवर पाणी टपटपत होतं, पायांना गंज चढला होता.

"काकांना खडखड न होता गार झोप लागावी म्हणून!" आयुषीचे डोळे भरून आले. "आणि बहिरे कोण, तर दादाजी!"

"रडू नंतर. आधी प्लग काढ," लिडिया म्हणाली.

पाणी सोडलं. तिघांनी कूलर उचलून जुन्या बाकड्यावर ठेवला, परत पाणी भरलं. घोड्या पुसून, धापा टाकत आत नेल्या, त्यांवर स्पीकर चढवले. छोटा गोल बरोबर दादाजींच्या कानासमोर आला. मग रिषभने कूलरचा प्लग लावला.

खडखडखडखड!

"भूकंप! भूकंप!" ओरडत काका बैठकीत आले. त्याच वेळी दारात हातगाडी थांबली.

"शेठ, माल कोठे शे?" सुपडूने अहिराणीत विचारलं.

"घोड्यांना हात कुणी लावला?" काका गरजले.

"आधी ऐका, मग ओरडा!" आयुषी कमरेवर हात ठेवून म्हणाली. रिषभने पळत जाऊन कूलर बंद केला. लिडियाने बटण दाबलं.

दादीचा आवाज आला, स्वच्छ, अगदी समोर बसल्यासारखा. आणि प्रत्येक तालावर छुन्न... छुन्न...

दादाजींचा टोपीकडे गेलेला हात तिथेच थांबला.

कडवं संपता संपता कुणीतरी खुदकन हसलं. काका मटकन खाली बसले. "आई... आई हसली मध्येच? हे मी कधी ऐकलंच नव्हतं."

"मग कान कुणाचे गेले होते, काका?" आयुषीने विचारलं.

काकांनी खिशातून गल्ल्याची किल्ली काढून दादाजींच्या हातात ठेवली. "चुकलो, बाबूजी. गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, आता त्यांच्यासमोरच सांगेन."

"सांग," दादाजी म्हणाले. "आणि हेही सांग, की तपासल्याशिवाय बोलायचं नाही हे या तिघांना कळतं. शाबास रे पोरांनो! रिषभ, लिडियाच्या चपलेचा पट्टा उद्या आठवणीने शिवून आण."

"स्पीकर नई तर मंग हाई कपाट लई जाऊ का?" सुपडूने दारातून विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

कॅसेट उलटी फिरवून पुन्हा लावली. उकाड्याने काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, कूलर लावू?" रिषभने मुद्दाम विचारलं.

"नको रे," काका डोळे मिटूनच म्हणाले. "बांगड्या ऐकू येणार नाहीत."