जांभळी वाफ

प्रयोगशाळेतला व्हॅक्यूम पंप महिन्यात तिसऱ्यांदा बंद पडला. नेहमीचे मेकॅनिक काका रजेवर होते, म्हणून दुसराच कोणी आला. उंच, बाह्या दुमडलेला. त्याने पंप उघडला, आतलं काळंकुट्ट तेल बोटावर घेतलं आणि प्रयोग करणाऱ्या तरुणीकडे पाहिलं.

"काय पाजता याला?"

"आयोडीन."

"जखमेवर लावतात ते? मग याला बरं वाटायला हवं होतं!"

तिला हसायचं नव्हतं. पण हसली. मग सांगत सुटली – यानाच्या इंजिनात वायूचा प्लाझ्मा करून मागे फेकतात, म्हणजे यान पुढे सरकतं. त्यासाठी झेनॉन वापरतात, पण तो दुर्मिळ, शिवाय जाडजूड टाकीत दाबून भरावा लागतो. आयोडीनचे खडे मात्र छोट्या डबीत मावतात. तापवले की जांभळी वाफ...

"आणि ती वाफ माझे पंप खाते," तो म्हणाला. "सांगताना डोळे मात्र चमकतात हं तुमचे."

"आयोडीनमुळे असेल," ती म्हणाली. कान तापले होते.

एवढं गोड बोलून तो गेला आणि अहवालात लिहिलं – पंप आयोडीनमुळे निकामी, प्रयोग असाच चालू ठेवू नये. विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. दोन आठवड्यांत उपाय दाखवा, नाहीतर गुंडाळा. दोन वर्षांचं काम!

तिने त्याला जिन्यातच गाठलं. "गोड बोलून गळा कापलात."

"खोटं लिहिलं असतं तर पंप चौथ्यांदाही बंद पडला असता. मग तुमचं कोणी ऐकलंही नसतं."

ती पाय आपटत निघून गेली. त्याचं बरोबर होतं, याचाच राग जास्त होता.

पाच दिवसांनी तो न बोलावता आला. हातात स्वतः वेल्डिंग केलेलं, नळकांड्यासारखं भांडं. "वाफ पंपापर्यंत पोचूच द्यायची नाही. वाटेत गोठवायची. भोवती द्रव नायट्रोजन भरा."

आठवडाभर दोघं ते बसवत होते. तो बॅटरी धरायचा, ती नट आवळायची. भांडणंही झाली... एका वॉशरवरून तर तासभर.

चाचणीच्या दिवशी प्लाझ्माचा झोत तीन तास स्थिर राहिला. त्याने पंपातलं तेल काढून दाखवलं – स्वच्छ. प्रमुख दोनदा वाकून बघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "चालू द्या."

तो हत्यारं आवरू लागला. जरा जास्तच सावकाश.

"आता पंप बिघडायचा नाही," तो म्हणाला. "म्हणजे मला इकडे यायचं काही..."

"उद्या सुट्टी आहे. घरी ये. आईला सांगून ठेवलंय."

त्याचा हात थांबला. "ये? की या?"

"ये," ती म्हणाली.

"आईंना काय सांगितलंय?"

तिने पंपाचं बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

"की तू मला आवडतोस."