मेणात बुडवलेले हमबकर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कुणाला काही पटवायचं नाहीये. पण जे घडलं ते भरदुपारी, लख्ख उजेडात, माझ्याच वर्कशॉपमध्ये घडलं. मी पीत नाही. झोपेतही नव्हतो.

रविवार होता. रस्ता सामसूम.

मी गिटार दुरुस्त करतो. घराच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे, टेबलासमोर एक खुर्ची. त्या खुर्चीत माझी धाकटी बहीण बसली होती. घरात तिला सगळे ‘भोंगा’ म्हणतात. ती स्वयंपाकघरातून हाक मारते आणि गल्लीच्या टोकाचा माणूस वळून बघतो! पण गायला लागली की भांडणारी माणसंसुद्धा गप्प बसून ऐकतात. पुढच्याच आठवड्यात एका मोठ्या बँडसमोर तिला गाऊन दाखवायचं होतं, स्वतः गिटार वाजवत. लहानपणापासून तिला दुसरं काही नकोच होतं.

तिच्या गिटारचे पिकअप बदलायचे होते. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारांची थरथर पकडून तो अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीला देतो. तिच्या गिटारला हमबकर जातीचे पिकअप लागतात; त्यांत अशी दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात, म्हणून विजेची घरघर ऐकू येत नाही.

मी दोन नवे सेट आणले होते. एक फारच कर्कश निघाला. दुसरा बरा होता.

“बरा नको रे दादा,” ती म्हणाली. “वेड लावणारा पाहिजे.”

मग तिनेच खणात हात घालून तिसरा सेट बाहेर काढला. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या भंगारात मला मिळालेला. काळवंडलेली झाकणं. कुणी बनवला होता, देव जाणे.

जोडला. तिने एकच कॉर्ड वाजवला.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

“हाच!” ती म्हणाली.

“अगं, याला मेण दिलेलं नाहीये. आवाज वाढवलास की किंचाळेल.”

मेण नसलं की वेढे सैल राहतात. मग पिकअप खोलीतलं बोलणंसुद्धा पकडतो. पण ही बया हट्टाला पेटली होती. तिला दाखवायला म्हणून मी गिटारपाशी तोंड नेलं आणि म्हणालो, “हॅलो.”

अँपमधून आलं... “हॅलो.”

“अय्या! मला, मला!” ती वाकली आणि दणकून ओरडली, “हॅलोऽऽ!”

अँपमधून...

काहीच नाही.

मी टिचकी मारली. टक्. आली. शीळ घातली. आली. ती पुन्हा ओरडली. माझ्या कानठळ्या बसल्या.

काहीच नाही.

“चला, भोंग्याला गप्प करणारं भेटलं कुणीतरी,” मी म्हणालो. माझी थट्टा अँपमधून परत ऐकू आली. ती हसली नाही.

मी अँपजवळ कान नेला.

आणि अँपमध्ये... कुणीतरी श्वास घेतला.

मग तिच्याच आवाजात हाक आली.

“दादा.”

मी तिच्याकडेच बघत होतो. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मी केबल ओढून काढली. तिचा चेहरा पांढराफटक. पण कारागिराचं डोकं वाईट असतं हो. त्याला प्रत्येक गोष्टीवर इलाज दिसतो. वेढे सैल आहेत म्हणून हे सगळे चाळे, मेण दिलं की संपलं, असं मी तिला ठासून सांगितलं.

“मग दे मेण,” ती हळूच म्हणाली. “पण लाव हाच.”

गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून मी मेण वितळवलं. पिकअप आत सोडले. बुडबुडे यायला लागले. हे नेहमीचंच. वेढ्यांतली हवा बाहेर येते, मेण आत शिरतं. बुडबुडे थांबले की काम झालं.

माझ्या पाठीमागे ती आपलं गाणं गुणगुणायला लागली.

बुडबुडे थांबेनात.

आता ते मोठे येत होते. एकेक. संथ... कुणीतरी तळाशी श्वास सोडत असावं तसे.

तिचं गाणं बारीक होत गेलं. माझी नजर भांड्यावर खिळलेली. “मोठ्याने गा की गं,” मी न वळताच म्हणालो.

शेवटचा बुडबुडा आला.

खोलीत चिडीचूप.

मी वळलो. ती गातच होती. तोंड हलत होतं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

आवाज नव्हता.

डॉक्टर झाले. घसा अगदी स्वच्छ आहे म्हणाले. बँडचा दिवस आला आणि गेला. मेण परत काढायला मी जिवाचं रान केलं. पण इतक्या वेढ्यांत शिरलेलं मेण वितळतं, निघत नाही. जास्त तापवलं तर तारच जळून जाईल.

काल दुपारी ती स्वतःच गिटार घेऊन आली. खुणेने म्हणाली, लाव. मी नाही म्हणालो. तिने हात जोडले.

मी पिकअप बसवले. ती समोरच्या खुर्चीत बसली, गिटार मांडीवर घेऊन. मी अँप लावला.

मेण दिलेला पिकअप बोलणं पकडत नाही. पकडूच शकत नाही.

मग खूप खोलवरून, उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा...

“दादा...”

मला रडूच फुटलं. “अगं, आहे मी! ऐकतोय! बोल!”

“तू दिसतोयस मला, दादा.”

आणि लगेच, अँपमधूनच,

“पण तुझ्यासमोर... ती कोण बसलीय?”

मी मान वर केली.

खुर्चीतल्या तिने ते ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. तिने शांतपणे हात पुढे केला आणि गिटारचं बटण फिरवून आवाज पूर्ण बंद केला.

हे लिहितोय तेव्हा ती बाहेर बसलीय. आई तिच्या केसांतून हात फिरवतेय, बाळ म्हणतेय. मी आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.

काय सांगू?