माझा रेणू, तिचा ओढा

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, माझाही बसत नाही. पण आमच्या प्रयोगशाळेखालच्या ओढ्यात एके वर्षी बदकं केशरी झाली होती. अशी केशरी, की ढगाळ दिवशी त्यांच्या उजेडात पेपर वाचावा!

"आजोबा... बदकं?" नात डोळे बारीक करून म्हणाली.

बरं, एक बदक. पण शेपटीपर्यंत केशरी.

त्याच बदकापायी तुझी आजी मला भेटली. आता ती खिडकीशी लोकर गुंडाळत बसलीय, ऐकत नसल्यासारखं दाखवतेय. तेव्हा ती पाणीखात्यात होती. ओढ्यानाल्यांचे नमुने भरायची. बाहेर भुरभुर चालू होती. ती तारेच्या टोपलीत बारा बाटल्या घेऊन जिना चढत होती, मी पुस्तकात नाक खुपसून उतरत होतो — आणि धडक! मी पायरीवर बसलो, बाटली माझ्या मांडीत.

"सेंद्रिय रसायनशास्त्रवाले साहेब कुठे बसतात?" ओल्या बटा मागे सारत तिनं विचारलं.

"एरवी वरच्या मजल्यावर. सध्या इथे."

ती हसली. "या पाण्यात काय आहे, कुणालाच कळत नाही. तुम्ही म्हणे रेणूंना नावानिशी ओळखता?"

"नावानिशी काय... कुळासकट!"

पोरी, इतकं मोठं तोंड करू नये. नमुना यंत्रात घातला. कागदावर रेघ सरळ चालली होती, मध्येच तिनं उंच सुळका काढला. तो सुळका मी ओळखणारच. बाप होतो त्याचा! तो रेणू जगात एकाच माणसानं बनवला होता, त्यावर प्रबंध लिहिला होता, हार घालून घेतले होते. दोन वर्षं मी त्याची केशरी भांडी बेसिनमध्ये विसळत होतो. बेसिनचं पाणी पुढे कुठे जातं, हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"अं... ओळख पटत नाही. पुढच्या आठवड्यात आणखी पाणी आणा."

थोडं शरमेनं म्हणालो, थोडं ती पुन्हा यावी म्हणून. कशानं जास्त, ते अजून सांगता येत नाही.

बेसिन मी त्याच दिवशी बंद केलं. भांड्यांचं धुवण बरण्यांत साठवू लागलो. ती दर बुधवारी यायची, स्टुलावर बसून पाय हलवायची.

"गंमत आहे," ती एकदा म्हणाली. "तुम्ही बघायला लागल्यापासून रंग उतरतोय. नजरेत औषध आहे का तुमच्या?"

"तुमच्यावर... चालतं का ते?"

"माझा रंग चढतोय!"

मी हसलो खरा, पण कान पेटले होते. ती माझ्याकडे बघायची, मी कागदाकडे. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला कळत होतं; कुठे, ते मला माहीत होतं.

मग एका बुधवारी ती हसलीच नाही. "पलीकडच्या काठावरचे रंगारीबाबा आहेत ना, त्यांच्यावर आळ आलाय. सोमवारी त्यांच्या हौदांना कुलूप लागणार. अहवालावर सही माझी."

"पण... त्यांचाच रंग कशावरून?"

"दुसऱ्या कुणाचा आहे?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत असेल, तर सांगा ना."

मी नळाची तोटी घट्ट करत बसलो. ती घट्टच होती.

सोमवारी मात्र गेलो! पाणीखात्याची कचेरी खचाखच भरलेली. रंगारीबाबा टोपी हातात घेऊन उभे, तिची लेखणी कागदावर टेकलेली. मी दारातून गरजलो, "थांबा! या माणसाचा काही दोष नाही. रेणू माझा आहे. ओढा मी नासवला!" लेखणी गळून पडली, सगळे उठून उभे राहिले—

"खोटं!" खिडकीशी लोकरीचा गुंडा थांबला. "साफ खोटं, अहो! तुम्ही गरजला नाहीत. दाराशी उभे होतात, मान खाली घालून. तुमचा प्रबंध मी केव्हाच वाचला होता. तीन आठवडे वाट बघत होते, आता बोलाल, मग बोलाल. शेवटी ‘ओढा यांनी नासवला’ हे वाक्य मी म्हटलं, रंगारीबाबांसमोर... तुमच्या वतीनं."

"आजी! आणि तरी लग्न केलंस?" नात म्हणाली.

"दुसऱ्या दिवशी हे ओढ्यावर आले. गुडघाभर पाण्यात उभं राहून मुकाट बाटल्या भरायला लागले, ते तीस वर्षं भरत राहिले. म्हणून केलं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण ते वाक्य... तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं हो."