पेन्सिलचे तीन ठोके

भुताच्या गोष्टीला मध्यरात्रच हवी, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. हे घडलं शनिवारी, दुपारी सव्वातीनला, लख्ख उन्हात.

संगीत विद्यालयाची चार नंबरची खोली. आत तीन माणसं होती आणि तिघांनीही ऐकलं.

त्यातली एक माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणते. फ्रीजमधलं चॉकलेट कोणी खाल्लं याबद्दल ताई डोळ्यांत बघून खोटं बोलते. पण सुरांच्या बाबतीत ती कधीच खोटं बोलत नाही.

ताई नऊ वर्षं त्याच खोलीत बाईंकडे शास्त्रीय व्हायोलिन शिकली. बाई फारसं बोलायच्या नाहीत. पियानोजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि हातात लाल पेन्सिलचा चावलेला तुकडा धरायच्या. चुकलं की पियानोच्या झाकणावर एक ठोका. दोन ठोके म्हणजे पहिल्यापासून वाजव. तीन ठोके म्हणजे पुरे, घरी जा.

आणि मनापासून आवडलं तर बाई पेन्सिल खाली ठेवायच्या. नऊ वर्षांत ताईसाठी ती एकदाही खाली गेली नव्हती.

बाईंनी ताईसाठी दोन पानांची एक रचना लिहिली होती, वार्षिक कार्यक्रमात वाजवायला. ताईने काय केलं, तर ती इलेक्ट्रिक गिटारवर बसवली. थ्रॅश मेटल. दुप्पट वेग आणि डिस्टॉर्शनचा पेडल पूर्ण दाबून. ऐकताना दात हलतात, शप्पथ. पण नीट कान दिला तर बाईंचा प्रत्येक सूर जागच्या जागी.

तिने ते बाईंना ऐकवलं. अर्धं पानही झालं नव्हतं.

टक. टक. टक.

ताई दार आपटून निघून गेली. पुढच्याच आठवड्यात बाई हॉस्पिटलमध्ये होत्या आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नव्हत्याच. ते तीन ठोके म्हणजे दोघींचं शेवटचं बोलणं.

बाईंच्या जागी नवीन सर आले. त्यांनी सांगून टाकलं की रचना व्हायोलिनवर वाजव, नाहीतर कार्यक्रमातली तुझी जागा दुसऱ्याला देतो. ताईने इतका पिच्छा पुरवला की शेवटी ते एकदाच ऐकायला तयार झाले. एकदाच, म्हणजे त्या शनिवारी.

नेमका त्याच दिवशी तिच्या बँडचा ड्रमर, ज्याला सगळे भूकंप म्हणतात, तो तापाने अंथरुणाला खिळलेला. ड्रमशिवाय ताई म्हणजे ब्रेक नसलेली सायकल. तिची लय पळते. ही तिची जुनी खोड, बाईंनी वहीत दहा वेळा लिहिलेली... 'पळू नकोस.'

तरी ती गेली. विद्यालयाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशींनी खोली उघडली आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. सर खिडकीपाशी हाताची घडी घालून उभे. पियानोजवळची खुर्ची रिकामी.

ताईने गिटारचा आवाज वाढवणारा अँप लावला. घूंऽऽ असा आवाज खोलीत भरला. तिने सुरुवात केली.

पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीला...

टक.

ताईला वाटलं, सर. पण सरांची हाताची घडी तशीच होती. सरांना वाटलं ताईने पाय आपटला. ते म्हणाले, पुढे चल. ताईने मात्र समोरच्या कागदावर नजर टाकली. तिसऱ्या ओळीत तिने खरंच एक सूर चुकवला होता.

ती पुढे वाजवू लागली. लय सुटत चालली होती...

टक. टक.

या वेळी आवाज कुठून आला ते तिघांनाही कळलं. सर पियानोपाशी गेले. झाकण उचललं, वाकून खाली पाहिलं. काही नाही. उन्हाने लाकूड तडकतं, ते म्हणाले. पण म्हणताना ते दोन पावलं मागे सरकले.

आणि तेव्हा ताईच्या लक्षात आलं... अँपचा घूं आवाज बंद झाला होता.

लाल दिवा चालू होता. वायर जागेवर होती. पंखाही गरगर फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता. खिडकीबाहेर मुलं खेळत होती, त्यांची तोंडं उघडत होती...

आवाज नाही.

मग आला. सावकाश.

टक.

टक.

टक.

तिसऱ्या ठोक्यासरशी सगळे आवाज परत आले. सरांनी घाईघाईने फाईल उचलली. ते म्हणाले, "झालं, थांबूया आज."

घाबरली का ताई? घाबरली ना. पण तिच्या मनात एकच होतं. मागच्या वेळी तीन ठोके पडले आणि आपण उठून गेलो. आज गेलो तर कार्यक्रम तर गेलाच, पण ते भांडणही कायमचं तसंच राहील.

तिने सरांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"बाई, आज मी उठणार नाही. तुमचंच आहे हे. शेवटपर्यंत ऐका, मग हाकला."

आणि तिने पहिल्या ओळीपासून, हातातला पिक तारांवर मारला.

खोली हादरली. अँप असा गरजला की खिडकीच्या काचा झणझणल्या. पहिल्याच ओळीत ठोके सुरू झाले. पण आता ते चुका दाखवत नव्हते.

टकटकटकटक...

लय धरत होते. त्या भन्नाट वेगाला, अगदी काटेकोर. भूकंपला सात जन्मांत जमणार नाही इतकी पक्की लय. ताई त्यावर स्वार झाली. दुसऱ्या पानावर चार संथ ओळी आहेत. बँडमधले बाकीचे म्हणाले होते, मेटलमध्ये हे कशाला, काढून टाक. ताईने त्या ठेवल्या होत्या. ती त्या तशाच संथ वाजवू लागली, आणि ठोके थांबले. कोणीतरी श्वास रोखून ऐकावं तसे.

मग शेवटची धाव आली, आणि ठोके परत आले.

पण जलद. तिच्याहून जलद.

ते पुढे पळू लागले. तिच्या बोटांना कोणीतरी पुढे ओढतंय असं तिला वाटलं. मनगट आपोआप वेग घेऊ लागलं, एक तार बोटात रुतली आणि रक्त आलं. हात थांबवावा म्हटलं तर थांबेना. आपण अशाच वाजवत राहू, बोटं संपेपर्यंत... असं तिला वाटलं, हे तिने नंतर फक्त मला सांगितलं.

दात आवळून ती पुटपुटली, "नाही पळणार."

तिने पाय जमिनीवर रोवला आणि स्वतःची लय धरली. ठोके पुढे गेले, एकटेच, वेड्यासारखे. एक ओळ, दोन ओळी... मग ते मंदावले. मागे आले. तिच्या लयीला येऊन मिळाले.

शेवटचा सूर दोघींनी एकत्रच सोडला.

शांतता.

आणि त्या शांततेत झाकणावर काहीतरी हळूच ठेवल्याचा आवाज. मग अर्धी गिरकी घेऊन ते स्थिरावल्याचा.

झाकणावर काहीच नव्हतं.

दारातल्या मावशींनी डोळे पुसले. "बाईंनी पेन्सिल ठेवली गं," त्या म्हणाल्या.

सर फाईल घेऊन निघून गेले. ताईचं नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेत छापून आलं. गिटारसकट.

एक गोष्ट सरांना आणि मावशींना माहीत नाही. बाई गेल्या त्या दिवशी ताईने ती लाल पेन्सिल गुपचूप उचलून आणली होती. त्या शनिवारीही ती गिटारच्या बॅगेत, आतल्या कप्प्यात होती. चेन लावलेली. घरी येऊन ताईने माझ्यासमोर कप्पा उघडला. पेन्सिल होती तिथेच. पण तिचं मागचं टोक ठेचून पार चपटं झालं होतं, आणि ती गरम होती.

लाकूड तापतं, असं कोणी सांगू नका. बॅग सावलीत होती.

ताई आता बिनधास्त आहे. पण सुट्टीत ती आमच्याकडे राहायला आलीये आणि तिची बॅग माझ्या खोलीत असते. काल सकाळी मी माझा कीबोर्ड वाजवत होते. ताई आंघोळीला गेली होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

बॅगेतून आवाज आला.

टक.

मी कागद पाहिला. खरंच चुकलं होतं.

मी उठले नाही. तीच ओळ परत वाजवली, मुद्दाम मोठ्याने. पण खरं सांगते, पाठ बॅगेकडे करायची माझी हिंमत झाली नाही... अजूनही होत नाही.