चार अंश

"इथे कोणाला शिक्षा झालीय का?"

कोल्ड रूमच्या दारातून आवाज आला आणि माझ्या हातातला काचेचा चंबू पडता पडता वाचला. दोन स्वेटर, कानटोपी, मोज्यांवर मोजे अशा अवतारात मी, आणि समोर पाना घेऊन उभा असलेला नवा मेकॅनिक. बेचाळीस वर्षं झाली, पण त्याचं ते मिश्कील बघणं अजून दिसतं.

"शिक्षा नाही, नोकरी आहे," मी म्हणाले.

"मग कैदी कोण? हे?" त्यानं चंबूंकडे बोट दाखवलं.

मग सांगावंच लागलं. समुद्रतळाच्या गाळातून आणलेले जिवाणू होते ते. तिथल्या थंडीत अंग कडक होऊ नये म्हणून ते एक पातळ तेल तयार करतात, माशांच्या तेलात असतं तेच मेदाम्ल. मासा न मारता ते मिळालं, तर अशक्त बाळांच्या दुधात घालता येईल, असा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा ध्यास होता.

तो दर मंगळवारी यायचा. यंत्राला काही झालेलं नसलं तरी. मला तिथे दिवसभर बोलायला कोणी नसे, आणि खोलीवर गेल्यावर तर नुसत्या भिंती. सोमवारीच मी उद्याची वाक्यं जुळवून ठेवायची... आणि तो आला की सगळी विसरायची.

"बोटं बघा तुमची, निळी पडलीत. शाईची दौत सांडली की काय?"

"बघू नका मग."

"मग काय बघू? कॉम्प्रेसर?"

हळूहळू तिथली थंडी मला बोचेनाशी झाली. मला वाटलं, हा मंगळवारांचा परिणाम.

मग आलेखावरची तेलाची रेघ खाली बसली. एक आठवडा, दोन, तीन. बाई म्हणाल्या, "या महिन्यात तेल आलं नाही तर काम बंद. जिवाणू टाकून द्यायचे, आणि तूही दुसरीकडे बघ."

मी काचा पुन्हा धुतल्या, जिवाणूंचं खाद्य बदललं. शेवटी एका चंबूत थर्मामीटर बुडवला. बारा अंश! दारावरचा काटा मात्र चारावर. मंगळवारी तो आला, तेव्हा त्याला ते दाखवलं.

"मीच केलं," तो खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही कुडकुडायच्या, बघवायचं नाही. काटा तेवढा चारावर अडकवून ठेवला. वाटलं, फ्रिजमधल्या दुधाला थोडं इकडेतिकडे चालतं, यांना काय धाड भरलीय?"

"अहो, ऊब मिळाली की ते तेल करायचं सोडून देतात!" मी ओरडलेच.

बाईंना मी काही बोलले नाही. तोच वर जाऊन सगळं सांगून आला. माझं काम वाचलं, त्याचं येणं बंद झालं.

त्याच दुपारी त्यानं यंत्र पुन्हा चारावर आणलं, अडकवलेला काटा मोकळा केला आणि पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहिला.

"पुढच्या मंगळवारपासून दुसरा माणूस येईल... तुम्ही म्हणालात, तर मी फाटकापाशी थांबत जाईन. रोज. यंत्राचा काही संबंध नाही."

दार सताड उघडं होतं. काटा पाचावर गेला, सहावर गेला. मला म्हणायचं होतं, आत या. पण माझी नजर काट्यावर, आणि तोंडून आलं — "दार लावा ना..."

क्षणभर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग दार लावलं. बाहेरून. कामाला चोख माणूस. रबर नीट बसलंय ना, तेही त्यानं दाबून पाहिलं.

हातमोजे काढून मी कडी उघडेपर्यंत जिना रिकामा होता. त्याच्या दुकानात जाऊन विचारायला धीर गोळा करण्यात माझे आठ दिवस गेले. तोवर तो दुसऱ्या गावी निघून गेला होता. पत्ता कोणाकडेच नव्हता.

महिना संपता संपता तेलाची रेघ अशी चढली, की कागदात मावेना. बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवली, माझ्या पाठीवर थाप मारली. "अगं, हस की जरा!"

मी हसले.