तीन चांगल्या डॉक्टरांची चूक

तीन चांगले, प्रामाणिक डॉक्टर मिळून एखाद्याला आजारी पाडू शकतील? २०४७ साली विट्यातल्या अकरा वर्षांच्या मृण्मयीला हा प्रश्न पडला.

तिचे कबड्डीचे प्रशिक्षक दस्तगीर सर सरावातच कोसळले. श्वास अगदी मंदावला होता. ते वाचले; पण त्यांच्या पिशवीत एकाच गोळीची तीन पाकिटं निघाली. पाठदुखीवर तीन डॉक्टरांनी एकमेकांच्या नकळत दिलेली. त्यातले एक मृण्मयीचे बाबा, डॉ. शेटे.

गोळी ओपिऑइड (अफूच्या जातीचं, तीव्र वेदना शमवणारं औषध) होती.

"शरीराला तिची सवय लागते," संगणकशास्त्रज्ञ असलेल्या आत्यानं सांगितलं, "आणि फार झाली, तर श्वास थांबू शकतो. म्हणून तर औषध-नोंदवही (कुणाला, कुणी, किती औषध दिलं याची संगणकीय नोंद) आहे."

"मग बाबा, तुम्ही ती पाहिली नाहीत?"

"नाही गं," बाबा खाली मान घालून म्हणाले. "बाहेर गर्दी असते..."

आत्या रागावली नाही. तिनं मृण्मयीला एका खोट्या रुग्णाची नोंद शोधायला बसवलं. वेगळा पासवर्ड, एकामागून एक सात पानं. तीन मिनिटं गेली!

"असे दिवसाला वीस रुग्ण म्हणजे अख्खा तास!" मृण्मयी ओरडली. "आत्या, वाटच लांब आहे."

"मग आखूड करू."

दोन महिने खपून आत्यानं नोंदवही बाबांच्या संगणकावरच्या औषधाच्या चिठ्ठीलाच जोडली. आता गोळीचं नाव लिहिताच रुग्णाची जुनी नोंद शेजारी आपोआप उघडू लागली. पहिल्याच आठवड्यात बाबांना चार रुग्णांच्या नोंदीत दुसऱ्या डॉक्टरांच्या त्याच गोळ्या दिसल्या. बाबांनी कुणालाच हाकललं नाही. दस्तगीर सरांना समजावलं तसंच त्यांनाही समजावलं, "दुखणं खरं आहे तुमचं. गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू उतरवू. जोडीला व्यायाम."

मग तालुक्यातल्या डॉक्टरांची सभा भरली. बाबा उभे राहिले.

"दस्तगीर सरांना गोळ्या देणाऱ्यांत मी होतो. नोंद होती. मी पाहिली नाही. आता बहिणीनं ती माझ्या चिठ्ठीलाच जोडून दिली आहे, आपोआप समोर येते."

शेवटच्या रांगेत मृण्मयीनं आत्याचा हात घट्ट धरला. एवढ्या लोकांसमोर आपली चूक सांगणारा माणूस तिचा बाबा होता! तिला अभिमानानं रडूच फुटलं.

तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई उठल्या. "शेटे सर, माझ्या दवाखान्यात कधी जोडून देता?"

"माझ्याही!" मागून आवाज आला.

आत्यानं वही उघडली. "लिहून घे गं नावं," ती मृण्मयीला म्हणाली. "उद्यापासून कामाला लागू."